व्हाउचर नसलेलं दुखणं

आमच्या ऑफिसात एक नियम आहे, आणि तो सरांनी नव्हे, सरांच्या सरांनी घालून दिलेला आहे: कागद नाही, तर खर्च नाही. क्लायंट कितीही काकुळतीला येऊन म्हणाला की अहो, खरंच दिले हो त्या हमालांना साडेचार हजार, तरी आपण पेनाचं टोपण न लावता शांतपणे विचारायचं, "व्हाउचर?" हा प्रश्न विचारण्यात मी दीड वर्षात चांगलीच तयार झाले. एका हार्डवेअरवाल्या काकांना तर मी भर दुपारी, त्यांनीच मागवलेला उसाचा रस पीत पीत, एकशे नव्वद रुपयांच्या रिक्षाभाड्यावरून रडकुंडीला आणलं होतं. त्यांचे तळतळाट लागले असावेत. कारण त्यानंतर चार-सहा महिन्यांतच मला असं दुखणं जडलं, ज्याचं व्हाउचर जगातली एकही लॅब फाडून देत नाही.

सीए होऊ घातलेल्या मुलांना ऑफिसात 'आर्टिकल' म्हणतात. आर्टिकल म्हणजे वस्तू असाही एक अर्थ आहे, आणि वागवतातही साधारण तसंच: उचल, ठेव, गोडाउनला पाठव. ३१ मार्चला मी भोसरीच्या एका गोडाउनात दिवसभर पाइप मोजत होते. १ एप्रिलला सकाळी डोळे उघडले तेव्हा वाटलं, रात्रीतून कोणीतरी ते सगळे पाइप माझ्या अंगावरून वाहून नेलेत. पहिले आठ दिवस म्हटलं, श्रमानं असेल. मग गादीला दोष दिला. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, आणि माझी गादी आधीच्या कितीतरी मुलींनी एमपीएससीचा अभ्यास करून करून पार दाबून ठेवलेली आहे. मग लॅपटॉपच्या बॅगेला दोष दिला, मग पावसाळी हवेला. जुलैत दोष द्यायला काही उरलं नाही. दुखणं मात्र खांद्यातून कमरेत, कमरेतून मांड्यांत, तिथून परत मानेत, असं लग्नघरातल्या पाहुण्यासारखं सगळीकडे पाहुणचार घेत हिंडत होतं. झोप आठ तास लागायची, पण उठल्यावर वाटायचं की झोपली ती दुसरीच कुणीतरी, मी रात्रपाळी करून आलेय.

मग सुरू झालं माझं स्वतःचं ऑडिट. पहिल्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स दिलं. बी.कॉम.नंतर बी-कॉम्प्लेक्स, म्हणजे शिक्षणक्रमाला धरूनच होतं. दुसऱ्यांनी एक्स-रे काढले. तिसऱ्यांनी सीबीसी, ईएसआर, सीआरपी, थायरॉइड, डी-थ्री, बी-ट्वेल्व्ह, आरए फॅक्टर अशी सगळी मुळाक्षरं गिरवून घेतली. लॅबमधला रक्त काढणारा मुलगा मला बघितलं की न सांगता डावा हात पुढे करायला लावायचा. डी-थ्री तेवढं जरा कमी निघालं, पण ते आमच्या खोलीतल्या चौघींचंही कमीच होतं. बाकी सगळं नॉर्मल. डॉक्टर फाइल मिटून आनंदानं म्हणायचे, "काही नाहीये तुला." पेढे वाटायचेच बाकी होते.

तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, जुळली की हिशेब बरोबर, असं फक्त अकरावीच्या पहिल्या सत्रातल्या मुलांना वाटतं. दुसऱ्या सत्रात कळतं की एखादी नोंदच राहून गेली, किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, तर तेरीज झकास जुळते आणि वही चुकलेलीच असते. माझी तेरीज पानोपानी जुळत होती. फक्त जिना उतरताना कठडा सुटत नव्हता.

चौथ्या डॉक्टर संधिवाततज्ज्ञ. त्यांनी फाइल उघडलीच नाही, हीच मला पहिली आशा वाटली. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर माणसाचं नुसतं बाह्यरेखेचं चित्र, गुन्ह्याच्या जागी खडूनं काढतात तसं, आणि शरीराचे १९ भाग. आठवड्याभरात जिथे जिथे दुखलं तिथे खूण करायची. मी तेरा ठिकाणी केली. मग झोप, थकवा, विसरभोळेपणा यांची चौकशी झाली, किती महिने चाललंय ते झालं (तीनच्या वर हवेत, माझे चार झाले होते), आणि मग त्या उठून मागे आल्या आणि अंगठ्यानं एकेक जागा दाबायला लागल्या. मानेचं मूळ. खांद्याचा मधला उंचवटा. कोपराच्या बाहेरच्या हाडाखाली दोन बोटं. गुडघ्याची आतली बाजू.

"ही जुनी पद्धत," त्या दाबता दाबता म्हणाल्या. "१९९० ची. अंगावर अठरा जागा ठरवलेल्या, त्यातल्या निदान अकरा दुखायला हव्यात. साधारण चार किलोचा दाब. म्हणजे आपलं नख पांढरं पडतं ना, तेवढा. २०१० पासून याची सक्ती नाही, पण माझ्या अंगठ्याला सवय लागलीये."

मी त्यांच्या नखाकडे बघत होते. मला चार किलो म्हणजे किती ते ठाऊक होतं. आमच्या मेसच्या कणकेची छोटी पिशवी पाच किलोची असते. हा दाब त्या पिशवीपेक्षाही कमी, आणि मी अठरापैकी चौदा ठिकाणी आई गं म्हटलं.

"फायब्रोमायल्जिया," डॉक्टर म्हणाल्या.

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. आमच्या धंद्यात ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकतात. चार महिने मी सस्पेन्समध्ये पडून होते. आज माझ्या नावाचं खातं उघडलं गेलं. हे जन्मभराचं खातं असू शकतं हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं, आणि मग नळस्टॉपपासून खोलीपर्यंत मी रडले. रिक्षावाल्यानं मीटर बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, मीटरप्रमाणेच घेतोय हो."

आईला फोन केला.

"काय निघालं गं?"

"फायब्रोमायल्जिया."

"म्हणजे काय?"

"म्हणजे अंग दुखतं."

"ते तर तू जायच्या आधीच सांगत होतीस. त्याचे पंधराशे घेतले?"

आईचं चुकलं नव्हतं. फायब्रो म्हणजे तंतू, मायो म्हणजे स्नायू, अल्जिया म्हणजे दुखणं. पहिला शब्द लॅटिन, पुढचे दोन ग्रीक, आणि सगळे मिळून मराठीत अंगदुखी. पण अंगदुखीला रजा मिळत नाही आणि ग्रीक-लॅटिनला निदान फाइल तरी होते. या खात्याचं शीर्षकही एकदा बदललेलं आहे. १९०४ साली गावर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी त्याला 'फायब्रोसायटिस' म्हटलं होतं, म्हणजे स्नायूंच्या तंतूंना सूज. सत्तरेक वर्षं मंडळी ती सूज शोधत राहिली. ती काही सापडली नाही, तेव्हा १९७६ मध्ये शेपूट बदलून 'मायल्जिया' जोडलं. सापडलं नाही म्हणून दुखणं खोटं म्हणण्याऐवजी शीर्षक दुरुस्त केलं, हे मला फार आवडलं. आमचे क्लायंट असं क्वचित करतात.

घोटाळा स्नायूंत नसून वरच्या ऑफिसात आहे, असं आता मानतात. मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचा आवाज वाढवून ऐकतात. डॉक्टरांनी समजावलं, "रेडिओ हळू लागलाय, पण बटण फिरवून कुणीतरी मोठा केलाय." मी म्हटलं, मी सदाशिव पेठेत राहते, मला रेडिओचं उदाहरण नको, विसर्जन मिरवणुकीचं द्या. त्या हसल्या. "हो, तसंच. फक्त अनंत चतुर्दशी झाली की थांबेल असं नाही."

तोवर घरी, कऱ्हाडला बातमी फुटली होती. आत्याचा फोन आला. "अगं, फायबर कमी पडतंय म्हणे तुला. रात्री इसबगोल घे कोमट पाण्यातून." काकांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर 'फायब्रो मायाजाल' असं लिहून खाली हात जोडले. आठवडाभरात निर्गुडीचा पाला, महानारायण तेलाच्या दोन बाटल्या आणि डिंकाच्या लाडवांचा डबा एवढं पार्सलनं आलं. लाडू खोलीतल्या मुलींनी तीन दिवसांत संपवले आणि चौथ्या दिवशी, "तुझी ती मायल्जिया बरी आहे का गं?" अशी मनापासून चौकशी केली. आत्याचा दुसरा फोन जास्त गंभीर होता. "हे बाहेर कुठे बोलू नकोस. उद्या स्थळं बघायची आहेत." आता पुढेमागे उद्भवू शकणारं देणं ताळेबंदात दाखवलं नाही तरी खालच्या टिपांमध्ये जाहीर करावंच लागतं, हे आत्याला कोण सांगणार? मी सांगितलं. तिनं ते ताळेबंदासकट आईला सांगितलं.

खरा गोंधळ गोळीनं घातला. रात्री झोपताना घ्यायला डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन दिली, अगदी कमी डोसात. ती मुळात नैराश्यावरची. कमी डोसात झोप आणि दुखणं या दोन्हींना उपयोगी पडते. आमच्या मामेभावाचं मेडिकलचं दुकान आहे. त्यानं नाव वाचलं आणि आईला फोन लावला. आई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पुण्यात हजर. तिनं माझा चेहरा दोन्ही बाजूंनी तपासला, खोलीतल्या मुलींना चहा आणायला पिटाळलं आणि हळूच विचारलं, "कोण आहे तो?" नैराश्य या शब्दाचा आईकडे एकच अर्थ आहे. मी तासभर मज्जासंस्था समजावली. ती म्हणाली, "बरं, पण जातीतला आहे का?"

फायब्रोमायल्जियात डोक्यात धुकं भरतं. शब्द ऐन वेळी सापडत नाहीत, वाक्य निम्म्यात सुटतं. इंग्रजीत शिकणाऱ्यांचे यात फार हाल होत असावेत. मराठी माणसाला मात्र भाषेनंच आधी सोय करून ठेवलेली आहे: 'ते हे'. "ते हे दे जरा." "त्या ह्याला फोन केलास का, त्याचं ते हे झालं का?" माझी आई आयुष्यभर अशीच बोलत आली आहे आणि घरात एकही भांडं चुकीचं आणलं गेलेलं नाही. पण सीए फायनलच्या पेपरात 'कंपनीनं ते हे काढल्यामुळे ह्याच्यावर त्याचा परिणाम होतो' असं लिहून चालत नाही. परवा क्लायंटसमोर मला घसारा शब्दच आठवेना. ना मराठीत, ना इंग्रजीत. मी हातानंच दाखवलं, वरून खाली, वरून खाली. ते बिचारे म्हणाले, "लिफ्ट? लिफ्ट आहे की, या बाजूला."

सगळ्यात अवघड ऑडिट अर्थातच ऑफिसात झालं. सरांना सांगायला मी सप्टेंबर उजाडू दिला. हा मूर्खपणाच, कारण ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटची तारीख, आणि त्या महिन्यात सर पोटच्या मुलांशीसुद्धा फक्त पॅन नंबरवरून बोलतात.

"रिपोर्ट?" सर म्हणाले.

"नॉर्मल आहेत सर."

चष्मा कपाळावर गेला. "मग?"

"मी सांगतेय ना सर, दुखतं म्हणून."

"एसए ५८० काय म्हणतं?"

ऑडिटिंगची मानकं सर झोपेतही विचारतात, आणि मीही झोपेत असल्यासारखी घडाघडा बोलून गेले, "व्यवस्थापनाचं लेखी निवेदन हा आवश्यक पुरावा आहे, पण केवळ तेवढाच असेल तर तो पुरेसा नाही, सर."

"व्वा," सर म्हणाले. आणि मग आम्हा दोघांनाही, मी स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दिली आहे, हे एकदम कळलं.

सर फाइलीत काहीतरी शोधत राहिले. ऑफिसातले मामा चहा ठेवून गेले. एवढ्यात मला दिसलं की माझी आर्टिकलशिप, फायनल, पुढची नोकरी, सगळं एका टाचणीनं एकमेकांना लावून सर कचऱ्याच्या डब्याकडे बघतायत. मग ते म्हणाले, "एसए ५००. पुरावा मिळवण्याच्या पद्धती सांग."

"तपासणी, निरीक्षण, बाहेरून खातरजमा..."

"पुरे. निरीक्षण. एप्रिलपासून तू जिन्याचा कठडा धरून उतरतेस. आधी मोबाइल बघत उतरायचीस, मी दोनदा ओरडलोय. स्टेपलर दोन हातांनी दाबतेस. हे मी पाहिलंय. चालेल." त्यांनी चष्मा खाली घेतला. "उद्यापासून गोडाउन बंद. बसून करायचं काम घे." आणि त्यांनी अकरा क्लायंटांचं जीएसटीचं जुळवणीकाम माझ्या टेबलावर आणून ठेवलं. पाइप बरे होते, असं मला पुढच्या आठवड्यात बऱ्याचदा वाटलं.

बसमध्ये मात्र असे सर भेटत नाहीत. महिलांच्या राखीव सीटवर मी बसलेली असते, आणि भाजीच्या दोन पिशव्या घेऊन एखाद्या काकू येऊन उभ्या राहतात. त्या काही बोलत नाहीत. नुसत्या माझ्या गुडघ्यांकडे, वय मोजल्यासारखं बघतात. मी उठते. काय दाखवणार? २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात फायब्रोमायल्जिया नाही. मैत्रीण म्हणाली होती, सर्टिफिकेट काढून टाक, परीक्षेत जादा वेळ मिळेल. जादा वेळ मिळतो, तासाला निदान वीस मिनिटं, पण त्याआधी यादीत नाव लागतं. 'पण तू आजारी दिसत नाहीस,' असं म्हणणाऱ्यांना मी हल्ली थँक्यू म्हणते. दुसरं करण्यासारखं काही नाही, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटतं.

औषधांहून मोठं औषध म्हणजे व्यायाम. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ साली सगळे उपचार चाळून ठाम शिफारस केली ती एवढ्या एकाच गोष्टीची. ज्याला हलताना दुखतं त्याला हलायला सांगायचं, हे वैद्यकशास्त्र आहे की सासुरवास, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, पहिला आठवडा फक्त पाच मिनिटं. बरं वाटलं तरी सहावं मिनिट नाही. म्हणून मी रोज सकाळी सारसबागेत पाच मिनिटं चालायला दहा मिनिटं चालत जाते, हा हिशेब मी डॉक्टरांना सांगितलेला नाही. तिथे कानटोपीवाले एक आजोबा मला पाच मिनिटांत दोनदा ओलांडतात. परवा दुसऱ्यांदा ओलांडताना थांबले आणि म्हणाले, "आमच्या बायपासनंतर आम्हीही असेच चालायचो. होईल हळूहळू. वय काय?" मी चोवीस म्हटलं. त्यांनी कानटोपी वर करून पुन्हा विचारलं.

सहाव्या मिनिटाचा कायदा मोडला की काय होतं ते ऑक्टोबरातल्या एका रविवारी कळलं. उठले तर काहीच दुखत नव्हतं. मी वेडीच झाले. केस धुतले, चादरी धुतल्या, अप्रत्यक्ष करांचे तीन धडे संपवले, संध्याकाळी मैत्रिणीबरोबर पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढले आणि वर जाऊन पुण्याला हात केला. सोमवार ते गुरुवार मी गादीला चिकटून होते. परदेशात एका बाईंनी २००३ साली अशा दिवसांचा हिशेब चमच्यांत मांडला: सकाळी ठरावीक चमचे हातात, प्रत्येक कामाला एक खर्च. आपल्याकडे चमचे म्हटलं की निवडणूकच डोळ्यांसमोर येते, म्हणून मी पेटी कॅशमध्ये मांडते. सकाळी दोनशे रुपये मिळतात. कधी नुसतेच ऐंशी, आणि का ते कॅशियर सांगत नाही. अंघोळ वीस, केस धुऊन साठ. जिना दहा. हसणं फुकट. आत्याचा फोन चाळीस. उद्याच्यातून उचल घेता येते, पण व्याज सावकारी आहे.

राहिला पुढचा बेत. माझ्या वहीत तो होता: आर्टिकलशिप संपली की सहा महिने अभ्यास, मग फायनलचे दोन्ही ग्रुप एका दमात, सहा पेपर, आणि मग मुंबईला मोठ्या फर्ममध्ये. दोन्ही ग्रुप एकदम देण्यात नुसती प्रतिष्ठा नसते, फायदाही असतो. एका ग्रुपमधले वरचे मार्क दुसऱ्याला सावरून घेतात. टॉपर मंडळी मुलाखतीत चौदा तास अभ्यास सांगतात. माझ्या पेटी कॅशमध्ये चांगल्या दिवशी सहा बसतात, ते पण मध्ये आडवं पडून. हिशेब तपासताना आम्हाला एक प्रश्न विचारावाच लागतो: ही संस्था पुढचे बारा महिने चालू राहील ना? शंका असली तर लपवायची नाही, पण म्हणून दुकानाला टाळंही लावायचं नाही. काय उपाय करणार ते मालकाला विचारायचं. मी मालकाला विचारलं. मालक आडवा पडून होता. म्हणाला, परीक्षा २०२५ पासून वर्षातून तीनदा होते, तर एकेक ग्रुप दे. कंपनी कायद्याच्या कोष्टकात लॅपटॉपचं आयुष्य तीन वर्षं धरतात आणि खुर्चीचं दहा. मुंबईची लोकल नको, पाठ टेकायला बरी खुर्ची देणारी नोकरी शोध. वहीत मी 'मुंबई' खोडलं नाही. पेन्सिलीनं पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

दिवाळीला कऱ्हाडला गेले, बायकांच्या अर्ध्या तिकिटात, पण खंबाटकीची वळणं पूर्ण. आजी माजघरातल्या कॉटवर होती, नेहमीसारखी कण्हत. माझ्या लहानपणी आम्हा नातवंडांना ती पाय चेपायला लावायची आणि उशीखालच्या बटव्यातून पायाला एक रुपया द्यायची. "हळू गं," म्हणायची. आजोबा बाहेरून ओरडायचे, "काही झालेलं नाही तिला. चार डॉक्टर झाले. काम नको म्हणून नाटकं." आम्हीही हसायचो, आणि रुपया घेऊन पळायचो.

"आलीस? जरा चेप बाई," आजी म्हणाली.

मी बसले. गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवला आणि नख पांढरं होईपर्यंत दाबला. "हळू गं." दुसरा गुडघा. "आई गं." कमरेच्या बाहेरच्या हाडामागे, दोन्हीकडे. कोपराखाली दोन बोटं, दोन्ही हात. ऐंशीच्या घरातल्या बाईचं काहीही दुखू शकतं, आणि मी काही डॉक्टर नव्हे, हे मी स्वतःला सांगत होते. पण अंगठा आपला मोजतच राहिला. खांदे. पाठीचा वरचा भाग. मानेचं मूळ.

अकराव्या जागेवर माझा हात थांबला.

"झालं एवढ्यात?" आजी उशीखाली बटवा चाचपत म्हणाली. "का दर वाढवलास?"